पोत्यात काय भरले आहे?

घरातल्या वस्तूंची कुळकथा सांगणाऱ्या या सदरात आतापर्यंत आपण बहुतेक जुन्याच वस्तू पाहिल्या. या महिन्यात एक नवी वस्तू घेतली आहे. नवी म्हणजे आपल्याकडे नवी. एरवी तिचा जन्म होऊन पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटला. ती वस्तू म्हणजे बीन बॅग. तिला पाय नाहीत, हात नाहीत, पाठही नाही. बसले की कुशीत घेते आणि उठले की बसणाऱ्याचा खळगा तसाच ठेवते.

मुलगी दहावीला चांगले गुण मिळवते आणि बक्षीस म्हणून बीन बॅग मागते. लग्नानंतर नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेलेल्या जोडप्याच्या हॉलमध्ये कधी कधी सोफ्याआधी ती येते. काही शाळांच्या वाचन-कोपऱ्यातही आता ती दिसते. शिक्षक म्हणून आम्हाला पालक विचारतात, मुलाला अभ्यासासाठी घेऊन द्यावी का? या प्रश्नाचे उत्तर नुसते हो किंवा नाही असे देता येत नाही. ही वस्तू कुठून आली, कशी बनते आणि तिच्या पोटात काय असते, हे आधी पाहावे लागते.

प्रथम नावाचे पाहू. इंग्रजीत बीन म्हणजे घेवडा, वाल, राजमा अशा शेंगांचा दाणा. फेकाफेकीच्या खेळासाठी मूठभर सुके दाणे भरून शिवलेल्या छोट्या कापडी पिशवीला तिकडे पूर्वीपासून बीन बॅग म्हणत. पुढे पोत्याएवढी खुर्ची आली तेव्हा तेच नाव तिला चिकटले. या खुर्चीत मात्र वाल नसतो की घेवडा नसतो. तसा असता तर ती जागची हलवायला दोन माणसे लागली असती.

भरलेली खोळ फार जुनी

बसण्यासाठी किंवा झोपण्यासाठी खोळ शिवायची आणि परिसरात जे मिळेल ते तिच्यात भरायचे, ही युक्ती फार जुनी आहे. हजरत आयेशा (रजि.) यांच्या रिवायतीनुसार प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांचे अंथरूण कातड्याचे होते आणि त्यात खजुरीच्या झाडाचे तंतू भरलेले होते. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत ही नोंद आहे. मदिनेत खजुरीच्या बागा होत्या, म्हणून खजुरीचे तंतू. नारळाच्या मुलखात काथ्या, कापसाच्या मुलखात कापूस, सावरीची झाडे असतील तिथे सावरीचा मऊ कापूस आणि गरिबाच्या घरी पेंढा. खोळ सगळीकडे सारखी, भरण मात्र ज्या त्या मातीचे.

आपण आज वापरतो ते काही शब्दही याच खोळीतून निघाले आहेत. सोफा हा शब्द इंग्रजी वाटतो, पण त्याचे मूळ अरबी ‘सुफ्फा’ या शब्दात आहे. मस्जिदे नबवीतील सावलीचा ओटा म्हणजे सुफ्फा. ज्यांना घरदार नव्हते असे सहाबा तिथे राहत आणि इल्म शिकत, हजरत अबू हुरैरा (रजि.) त्यांच्यापैकीच एक. तो शब्द तुर्की भाषेतून युरोपात गेला आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यातल्या मऊ आसनाचे नाव होऊन परत आला. इटालियन भाषेत गादीला ‘मातेरास्सो’ म्हणतात, त्याचेही मूळ अरबीच. ‘मतरह’ म्हणजे जिथे काही टाकले जाते ती जागा. जमिनीवर गादी टाकून बसणाऱ्या अरबांकडून इटलीने ही वस्तू घेतली आणि तिच्याबरोबर शब्दही घेतला.

आता आपली गोष्ट त्याच इटलीत जाते.

तुरिनचे तिघे

इटलीच्या उत्तरेला तुरिन नावाचे मोटारींच्या कारखान्यांचे शहर आहे. पिएरो गात्ती, चेझारे पाओलिनी आणि फ्रांको तेओदोरो या तिघांनी १९६५ साली तिथे वस्तूंचे आराखडे करण्याचा एकत्र व्यवसाय सुरू केला. तिघेही तेव्हा तरुण होते. युद्धाची झळ ओसरून इटलीत पैसा खेळू लागला होता. घरोघरी नवे फर्निचर येत होते, पण दिवाणखान्याची रीत जुनीच होती. उंच पाठीच्या ताठ खुर्च्या पाहुण्यांसाठी राखून ठेवायच्या, त्यांवर सावरून बसायचे आणि मुलांनी तर त्यांच्याजवळही जायचे नाही.

१९६८ साली युरोपभर विद्यार्थ्यांची आंदोलने पेटली. वडीलधाऱ्यांनी आखून दिलेल्या प्रत्येक चौकटीला तरुण प्रश्न विचारू लागले. या तिघांनी तोच प्रश्न खुर्चीला विचारला. खुर्ची माणसाला सांगते की गुडघे इथे वाकव, पाठ इथे टेक, हात इथे ठेव. त्याऐवजी माणसानेच खुर्चीला आकार दिला तर?

त्यांच्या मनात दोन चित्रे होती. एक ताज्या बर्फाचे. बर्फात अंग टाकले की त्याचा ठसा उमटतो आणि बर्फ अंगाला सर्व बाजूंनी आधार देतो. दुसरे चित्र शेतकऱ्याच्या घरातले. तिकडचे गरीब शेतकरी चेस्टनटच्या झाडाची वाळलेली पाने पोत्यात भरून त्याची गादी करत. पानांचे पोते झोपणाऱ्याच्या अंगाप्रमाणे दबते. म्हणजे पुढे जी खुर्ची जगातल्या संग्रहालयांत जाऊन बसली, तिचे बीज एका गरिबाच्या पालापाचोळ्याच्या गादीत होते.

पहिला विचार पारदर्शक पिशवीत द्रव भरण्याचा झाला. पण द्रवाने भरलेली पिशवी इतकी जड होते की ती उचलायची सोयच उरत नाही. मग पोत्यात काय भरावे? ते वजनाला हलके हवे, दाण्यासारखे सरकणारे हवे आणि स्वस्तही हवे. या प्रश्नाचे उत्तर बांधकामाच्या आणि पॅकिंगच्या धंद्यात आधीच तयार होते. आपण ज्याला थर्माकोल म्हणतो त्याचे सुटे दाणे. ते भरून वर निमुळते, खाली रुंद असे पोते त्यांनी शिवले आणि त्याला साधे नाव दिले, ‘साक्को’. इटालियन भाषेत साक्को म्हणजे पोतेच. मिलान शहराजवळच्या झानोत्ता या फर्निचर कंपनीने ते बनवायला घेतले. आज आपल्या बाजारात मिळणारी प्रत्येक बीन बॅग या साक्कोच्या वंशातली आहे.

त्याच्या आकारामागे विचार आहे. पोते नासपतीसारखे असल्यामुळे माणूस खालच्या रुंद भागावर बसतो तेव्हा तिथले दाणे त्याच्या वजनाने बाजूला आणि वर सरकतात. ते वरच्या निमुळत्या भागात जमा होतात आणि पाठीमागे उंच टेका तयार होतो. बसणाऱ्याच्या वजनातूनच त्याच्या पाठीचा आधार उभा राहतो. उठून दोन थापट्या मारल्या की पोते पुन्हा कोरे.

धान्याच्या बाजारात गोणीवर रेललेला हमाल आपण पाहतो. तोही हेच अनुभवतो. दाणे सुटे असतात तोवर पाण्यासारखे वाहतात आणि वजन पडले की एकमेकांत अडकून घट्ट होतात. फरक एवढाच की ज्वारीचे पोते दगडासारखे जड असते आणि साक्को एका हाताने उचलून दुसऱ्या खोलीत नेता येते.

कुरमुऱ्यासारखा दाणा

हा दाणा कसा बनतो ते मुलांना सांगण्यासारखे आहे. पॉलिस्टायरीन हे खनिज तेलापासून मिळणाऱ्या रसायनाचे प्लास्टिक. जर्मनीच्या बीएएसएफ या रसायन कंपनीत फ्रिट्झ स्टास्नी या संशोधकाच्या कामातून ते फुगवण्याची रीत १९५० च्या सुमारास हाती आली. साखरेच्या कणाएवढ्या प्लास्टिकच्या मण्यात पेंटेन नावाचा पटकन वाफ होणारा पदार्थ मुरवतात. मग मण्यांवर गरम वाफ सोडतात. प्लास्टिक मऊ पडते, आतला पेंटेन वायू होऊन पसरतो आणि मणी कित्येक पटींनी फुगतो. भट्टीच्या गरम वाळूत तांदळाचा कुरमुरा फुलतो, तसेच हे. फुललेल्या दाण्यात सुमारे ९८ टक्के हवा असते आणि प्लास्टिक जेमतेम दोन टक्के.

हे दाणे साच्यात दाबून पुन्हा वाफ दिली की ते एकमेकांना चिकटतात आणि थर्माकोलची पांढरी पाटी तयार होते. टीव्हीच्या खोक्यात येते ती हीच. न चिकटवता सुटे ठेवले की बीन बॅगचे भरण.

आत हवा कोंडलेली असल्यामुळे दाणा उष्णता अडवतो. म्हणून बीन बॅगवर थोडा वेळ बसले की अंगाखालची जागा गरम लागते. थंडीत ते बरे वाटते, एप्रिल-मे महिन्यात नको होते. त्यावर रेक्झीनचे कव्हर असेल तर घामही येतो.

याच हवेमुळे बीन बॅग म्हातारी होते. रोज माणसाचे वजन पडून दाणे चेपत जातात, त्यांच्यातली हवा निघून जाते आणि ते पुन्हा फुगत नाहीत. काही महिन्यांनी पोते ढिले पडते आणि बसणारा थेट फरशीला टेकतो. मग नवे दाणे आणून भरावे लागतात. आपल्याकडे पुष्कळदा नुसते कव्हर विकतात आणि दाणे वेगळे, किलोच्या हिशेबाने. कमी किमतीला भुलून मागवलेल्या खोक्यातून रिकामी पिशवी निघाली, असा अनुभव अनेक घरांनी घेतला आहे. मागवण्यापूर्वी ‘दाण्यांसह’ की ‘दाण्यांशिवाय’ ते वाचून घ्यावे.

साहेबाची खोली आणि संगणकाची खोली

१९७० नंतर साक्कोच्या नकला जगभर निघाल्या. अमेरिकेत स्वस्त रेक्झीनच्या रंगीत बीन बॅगा घराघरांत पोहोचल्या. मूळ साक्को न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात गेले. २०२० साली इटलीतला कोंपासो द’ओरो हा मानाचा पुरस्कारही त्याला मिळाला.

पण या प्रवासात एक गंमत झाली. ज्या वस्तूने लहानमोठ्यांचा भेद पुसायचा, तिच्यावर बसवूनच माणसाला लहान करता येते, हे लोकांच्या लक्षात आले. १९७५ साली इटलीत ‘फांतोत्सी’ नावाचा विनोदी चित्रपट आला. त्यातल्या गरीब बिचाऱ्या कारकुनाला साहेबाच्या खोलीत अशा पोत्यावर बसावे लागते आणि धड बसता येत नाही म्हणून त्याची त्रेधा उडते. इटालियन प्रेक्षक हसले, कारण त्यांना त्यात रोजचे ऑफिस दिसले. साहेब खुर्चीवर आणि कारकून पोत्यात असेल, तर पोते समता आणत नाही.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेतले. झेरॉक्स कंपनीने १९७० साली कॅलिफोर्नियात पालो आल्टो इथे एक संशोधन केंद्र उघडले. आज आपण संगणकावर चित्रे आणि खिडक्या पाहतो, माऊस हलवतो, त्यातले पुष्कळसे काम या केंद्रात आकाराला आले. तिथल्या संगणक विभागाची दर आठवड्याला सभा भरे आणि त्या खोलीत सगळ्यांसाठी बीन बॅगा टाकलेल्या असत. बोलणारा आपला विचार मांडी आणि बाकीचे त्यावर तुटून पडत. बीन बॅगवरून कोणालाही रागाने ताडकन उठता येत नाही, त्यामुळे वाद होत पण हमरीतुमरी होत नसे, असे तिथले लोक गमतीने म्हणत. १९७२ साली ‘रोलिंग स्टोन’ या मासिकात स्टुअर्ट ब्रँड यांनी या केंद्रावर लेख लिहिला आणि पोत्यावर बसून काम करणारे संशोधक जगाला दिसले. पुढे संगणक कंपन्यांच्या कचेऱ्यांत बीन बॅग आली ती या ओळखीमुळे. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी ती तिथे पाहिली आणि घरी आणली.

दोन्ही उदाहरणांत वस्तू एकच होती. एकीकडे सगळे एका पातळीवर बसले होते, दुसरीकडे एकालाच खाली बसवले होते. मजलिसीत इतरांसाठी जागा करून द्यावी, ही कुरआनची शिकवण सूरह मुजादलामध्ये आहे. ती शिकवण बसणाऱ्यांच्या वागण्याला आहे. आसन मऊ असो की कठीण, ती आपोआप पाळली जात नाही.

चेन उघडली तर

आता या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग. कृपया तो घरातल्या सर्वांना वाचून दाखवावा.

बीन बॅगला दाणे भरण्यासाठी चेन असते. मुलांना चेन उघडायला आवडते आणि आत पांढरेशुभ्र हलके दाणे दिसले की हात घालावासा वाटतो. मग डोके, मग सगळे अंग. अमेरिकेत अशा रीतीने चेन उघडून आत शिरलेली मुले गुदमरून दगावली. दाणे इतके हलके असतात की श्वासाबरोबर नाकातोंडात जातात. मूल आत हातपाय मारते तसे दाणे त्याच्याभोवती मिटत जातात. बाहेर आवाजही फारसा येत नाही.

१९९० च्या दशकात अशा घटनांमुळे तिथल्या सरकारी ग्राहक सुरक्षा आयोगाने लक्ष घातले आणि लाखो बीन बॅगा दुरुस्तीसाठी परत मागवल्या गेल्या. मुलांना उघडता येईल अशी चेन नसावी, असा दंडक उत्पादकांसाठी ठरला. तरीही २०१४ साली एका कंपनीच्या सुमारे २२ लाख बीन बॅगा परत मागवाव्या लागल्या, कारण चेन उघडून आत गेलेल्या दोन मुलांचा मृत्यू झाला होता. त्यांतला एक मुलगा १३ वर्षांचा होता आणि एक मुलगी ३ वर्षांची. तेरा वर्षांचा मुलगा म्हणजे आपला सातवी-आठवीचा विद्यार्थी. म्हणून ‘आमची मुले आता मोठी आहेत’ असे म्हणून हा विषय सोडून देऊ नये.

चांगल्या बीन बॅगच्या चेनला ओढायची कडी नसते. ती उघडायला मोठ्या माणसाला क्लिप किंवा पिन अडकवावी लागते. आत दाण्यांची वेगळी पिशवी असते आणि तिचेही तोंड बंद असते. आपल्या बाजारातल्या कितीतरी बॅगांची चेन मात्र दप्तराच्या चेनसारखी एका ओढीत उघडते. तशी असेल तर कडी पक्कडीने काढून टाकावी आणि जाड दोऱ्याने चेनवरून टाके घालावेत. पुन्हा भरायची वेळ आली की टाके उसवायला पाच मिनिटे लागतील. ती पाच मिनिटेच मुलाचे रक्षण करतात.

दुसरी गोष्ट तान्ह्या बाळांची. बाळ बीन बॅगवर छान सामावते, पाळण्यासारखे वाटते, म्हणून घरात कोणीतरी त्याला तिथे निजवते. असे कधीही करू नये. एक वर्षाच्या आतील बाळाने सपाट आणि घट्ट गादीवर, पाठीवर झोपावे, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. मऊ पोत्यात बाळाचे तोंड रुतते, हनुवटी छातीला टेकते आणि त्याला मान वळवता येत नाही. ‘दोनच मिनिटे ठेवले’ म्हणत आपण भाकरी उलटायला जातो, तेवढा वेळही पुष्कळ झाला.

तिसरी गोष्ट आगीची. थर्माकोल लवकर पेटतो आणि काळा दाट धूर सोडतो. लोबानची धूपदाणी, अगरबत्ती, मच्छर अगरबत्ती आणि शेगडी यांपासून बीन बॅग लांब असावी.

कोणाला चालते, कोणाला नाही

अभ्यासाच्या प्रश्नाकडे येऊ. गोष्टीचे पुस्तक वाचायला अर्धा तास बीन बॅग चांगली. अवघडून न बसता वाचायला मिळाले की मूल पुस्तकाजवळ अधिक वेळ थांबते. लिहायला मात्र ती योग्य नाही. वही मांडीवर येते, मान खाली झुकते, पाठीला बाक येतो आणि अक्षरही बिघडते. लिहिण्यासाठी टेबल-खुर्ची नसेल तर जमिनीवर मांडी घालून समोर लाकडी ढाळिये ठेवावे. आपल्या मदरशांत आणि जुन्या घरांत मुले अशीच शिकली.

काही मुलांना बीन बॅगचा खरा उपयोग होतो. आवाज, गर्दी आणि प्रकाश यांनी लवकर बेचैन होणाऱ्या स्वमग्न मुलांपैकी काहींना अंगाला सर्व बाजूंनी मिळणारा दाब शांत करतो. म्हणून विशेष मुलांच्या वर्गांत बीन बॅगचा शांत कोपरा ठेवतात. अशा मुलाच्या आईवडिलांनी थेरपिस्टच्या सल्ल्याने ती घ्यावी. तिथे ती चैनीची वस्तू राहत नाही.

आणि दादी-नानी? खोल बसलेल्या माणसाला उठताना हाताने रेटा द्यायला काहीतरी घट्ट लागते. बीन बॅगला हात नाहीत आणि रेटा दिला तर ती दबते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ती बसू देते, पण उठू देत नाही. हॉलमधला दिवाण काढून तिथे दोन बीन बॅगा टाकल्या, तर घरातले वृद्ध माणूस मुकाट्याने आतल्या खोलीत जाऊन बसू लागते. ते तक्रार करत नाही, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. शिवाय बीन बॅगवर एकच जण मावतो. गादी-लोडाच्या बैठकीवर पाहुणा आला की सगळे थोडे थोडे सरकतात.

पिंजारी पुन्हा फुलवत असे

भरणाच्या गोष्टीत एक माणूस राहून गेला, तो पिंजारी. खांद्यावर धनुष्यासारखी कमान घेऊन तो मोहल्ल्यात येई. तातीच्या टणत्काराने कापूस पिंजून, चपट्या झालेल्या गादीला पुन्हा फुगवून देई. आपल्या समाजात हा हुन्नर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पिंजारी आणि नदाफ ही आडनावे त्यातूनच आली. अरबीत नद्दाफ म्हणजे कापूस पिंजणारा. मन्सुरी हे नाव तर मन्सूर हल्लाज यांच्याशी जोडले जाते आणि हल्लाज या शब्दाचा अर्थही पिंजारीच.

कापसाची गादी बसते, चपटी होते, पण मरत नाही. पिंजली की पुन्हा नवी. आजीच्या गादीचा कापूस नातवाच्या उशीत जातो. थर्माकोलचा दाणा एकदा चेपला की संपला. तो कुजत नाही, मातीत मिसळत नाही. वाऱ्याने उडून गटारात आणि तिथून नदी-खाडीत जातो. महाराष्ट्र सरकारने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांबरोबर थर्माकोलची ताटे-वाट्या आणि सजावटीचे सामानही बंद केले, त्यामागे हेच कारण होते. पंगतीतून थर्माकोल गेला, बीन बॅगच्या पोटातून तो अजून घरात येतो.

यावर उपाय आहेत. कव्हर मजबूत असेल तर त्यात जुन्या साड्या, ओढण्या, चादरी, विटलेले टी-शर्ट यांच्या पट्ट्या कापून भराव्यात. पोते जड होईल, दाण्यांइतके सरकणार नाही, पण बसायला चांगले असते आणि चेन उघडली तरी मुलाच्या नाकात काही जात नाही. सावरीचा कापूस मिळाला तर उत्तम. दाणेच भरायचे असतील तर पंखा बंद करून, मुलांना बाहेर पाठवून भरावेत. हात किंचित ओला ठेवला तर दाणे अंगाला कमी चिकटतात. जाड कागदाचे नरसाळे करावे. पोते ठासून भरू नये, दाण्यांना सरकायला जागा हवी. जुने चेपलेले दाणे फेकून न देता नव्या दाण्यांत मिसळावेत.

घेण्यापूर्वी

घरात अंथरुणे किती असावीत याबद्दल हजरत जाबिर (रजि.) यांची एक हदीस मुस्लिम या संग्रहात आहे. एक पुरुषासाठी, एक त्याच्या पत्नीसाठी आणि तिसरे पाहुण्यासाठी. चौथे मात्र शैतानाचे, असा तिचा आशय आहे. यातला कटाक्ष गरजेवाचून केवळ दिखाव्यासाठी जमवलेल्या वस्तूंवर आहे, असे आलिम समजावून सांगतात. पाहुण्याचा वाटा त्यात आवर्जून धरला आहे, हेही पाहण्यासारखे आहे. हीच मोजपट्टी बीन बॅगला लावून पाहावी. कोणासाठी हवी आहे? तो माणूस तिच्यावर काय करणार आहे? ती आल्यावर कोणाची जागा जाणार आहे? आणि वर्षभराने चपटी झाल्यावर तिचे काय करणार? या चार प्रश्नांची उत्तरे नीट मिळाली तर बीन बॅग अवश्य घ्यावी. तुरिनच्या त्या तिघांनी माणसाच्या आरामाचा विचार करून ती केली होती आणि आराम ही अल्लाहची नेमतच आहे.

ज्यांच्या घरी ती आधीच आलेली आहे, त्यांना आमची एकच विनंती. हा अंक खाली ठेवला की उठा, बीन बॅग उलटी करा आणि तिची चेन ओढून पाहा. सहज उघडली, तर सुई-दोरा घेऊन आजच टाके घाला.